गुडघ्याएवढी पपई

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२१ नोव्हेंबर १९९९

चि. अलकनंदा हिस,

आशीर्वाद. रागात दिलेले असले तरी ते आशीर्वादच असतात, तेव्हा ठेवून घे.

एकाच शहरात मुलीला पत्र टाकणारा बाप आमच्या पोस्टातल्या बाबूनं पाहिलेला नव्हता. पाकीट उलटंसुलटं करून म्हणाला, "साहब, पापनकलाँ? एक बस बदलिए, खुद ही चले जाइए।" त्याला द्वारका म्हणायची अजून सवय नाही आणि मला तिथं बोलावणं नाही. फोन तू उचलत नाहीस. जयंतराव उचलतात आणि "हां बाबा, सांगतो" म्हणतात. काय सांगतात ते कळायला मार्ग नाही. म्हणून लेखी.

तुझा निरोप तुझ्या आईकरवी पोचला. तुझ्या सासूबाई हेमलताबाईंचं म्हणणं असं, की दारात पपईचं झाड असताना पहिलटकरणीला माहेरी पाठवायचं नाही. झाडं तोडली की सातव्या महिन्यात अलका येईल, नाही तर बाळंतपण द्वारकेलाच.

हे वाक्य माझ्या बी.एस्सी. झालेल्या मुलीनं ऐकून घेतलं आणि पुढे पाठवलं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आता नीट वाच. कच्च्या पपईच्या चिकात पपईन असतं. चीक गरोदर बाईनं खाऊ नये, हे मलाही मान्य आहे. पूर्ण पिकलेल्या फळात तो चीक राहत नाही. आणि मागच्या अंगणात उभ्या असलेल्या झाडाचा पुढच्या खोलीत झोपलेल्या बाईच्या पोटाशी काय संबंध, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही. हेमलताबाईंना सापडलं असल्यास पान नंबर कळवावा.

झाडं कोणती, हे तुला माहीत आहे. बी स्वच्छ करायला तूच होतीस. तो बुळबुळीत पदर राखेनं चोळून काढायचा, रात्रभर पाण्यात ठेवायचं, मग ईएमएस या रसायनाच्या द्रावणात, मग वाहत्या पाण्याखाली. रसायन बियांच्या आत जाऊन जनुकांतली कुठली अक्षरं बदलतं ते आपल्या हातात नसतं. शंभरांतली बहुतेक बिघडतात. एखादं सुधारतं. आणि पहिल्या पिढीत ते बहुधा दिसत नाही. झाड साधंच दिसतं, बदल आत दडून बसतो. त्याच्या फुलावर कागदी पिशवी बांधून, त्याचंच बी धरून, दुसरी पिढी लावावी लागते. तेव्हा कळतं काय करून ठेवलंय.

दुसऱ्या पिढीतलं एक झाड, भिंतीकडून तिसरं, गुडघ्याएवढ्या उंचीवर फळाला लागलं आहे. अलका, गुडघ्याएवढ्या. बाकीची छातीपर्यंत गेली तेव्हा हे खाली बसून फळं धरतंय. या खुज्या झाडाला दिल्लीच्या थंडीत झाकता येतं, हे लक्षात घे. उंच पपई थंडीनं मरते ती झाकता येत नाही म्हणून. फळं अजून हिरवी आहेत. ऊन चढल्यावर, फेब्रुवारीअखेर पिकतील. आज तोडलं तर बी कच्चं, म्हणजे सगळं संपलं. पुन्हा तेच बदलेल अशी लॉटरी दोनदा लागत नाही.

या झाडाला मी तुझं नाव देणार होतो. 'अलकनंदा' असं पाटीवर लिहूनही ठेवलं आहे.

तोडणार नाही. हे हेमलताबाईंना वाचून दाखव.

वि. दिघे


१२ डिसेंबर १९९९

चि. अलकनंदा,

तुझी आई काल गेली. जाताना डिंकाचे लाडू, हळिवाची पुरचुंडी, जुन्या साड्यांची शिवलेली एक गोधडी, एवढं बरोबर घेतलं. दुसरी गोधडी राहिली आहे, ती जयंतराव येऊन नेतील म्हणाली. मुलीच्या सासरी जाऊन आईनं बाळंतपण करायचं, ही तुमची नवीन पद्धत. मी सामान रिक्षात ठेवून दिलं. ती रिक्षात बसल्यावर बोलली: "तुम्ही झाडं सांभाळा. मी मूल सांभाळते." रिक्षावाल्यापुढे.

घरात आता मी एकटा. ऑफिस, झाडं, खिचडी. तुझ्या आईच्या काही गोष्टी ती नसताना लक्षात येतात. उदाहरणार्थ, गेली दोन-तीन वर्षं ती दूध फ्रिजमध्ये ठेवतच नाही. जूनमध्येसुद्धा. तापवून जाळीखाली ठेवते, संध्याकाळी नासतं, मग त्याचं पनीर करते. दिल्लीत राहून पनीरचं वेड लागलं म्हणून मी थट्टा करायचो. आता मी दूध फ्रिजमध्ये ठेवतो आणि ते चांगलं तीन वेळा पुरतं. शिस्त असली की वाया जात नाही.

फ्रिजवरून तिनं एकदा विषय काढला होता, हेही आठवलं. ईएमएसची बाटली दाराच्या खालच्या कप्प्यात आहे, ती तिथं नको म्हणत होती. लॅबच्या स्टोअरमधल्या शांतारामनं ती मला किती खटपटीनं मिळवून दिली हे तिला ठाऊक नाही. ती थंडच ठेवावी लागते. डबल बूच, वर मेण, त्यावर डबा, डब्यावर लाल अक्षरात 'हात लावू नये'. मी तिला सगळं समजावून सांगितलं. पुन्हा विषय निघाला नाही. समजावलं की माणसाला पटतं, हा माझा अनुभव.

म्हणूनच मी हेमलताबाईंना स्वतंत्र पत्र लिहिलं आहे. पाच पानी. पपईचा इतिहास, चीक, फळ, समजुती कुठून येतात, सगळं. शेवटी लिहिलं, की एकविसावं शतक उंबऱ्यावर असताना शिकल्यासवरल्या घरानं झाडाला घाबरणं शोभत नाही. थोडं कडक झालं असेल. असू दे.

फळं मुठीपेक्षा मोठी झाली आहेत.

वि. दिघे


१४ जानेवारी २०००

चि. अलकनंदा,

संक्रांत आहे. तिळगूळ कोणाला द्यायचा हा प्रश्न होता, तो वरच्या मजल्यावरच्या नायरांना दिला. ते म्हणाले, "मीठा है।" पुढचं त्यांना येत नाही.

मराठी मंडळाची बस आज काला अंबला गेली. मी गेलो नाही. गेल्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. धुकं पडलं आहे, पहाटे गवतावर पांढरं दिसतं, आणि झाड सोडून पानिपतला जाऊन लढाईत मेलेल्यांना हार घालण्यात अर्थ नाही.

तू नऊ-दहा वर्षांची असताना तुला तिथं नेलं होतं. आठवतं का? कोणीतरी सांगत होतं, इथं आंब्याचं झाड होतं, इतकं रक्त मुरलं की त्याचा रस काळा निघायचा. मी तिथल्या तिथं तुला बाजूला घेऊन सांगितलं, की हे खोटं. मातीत काय पडलं ते बीजात उतरत नाही. बाकीचे रागावून बघत होते. तू विचारलंस, "मग कशानं उतरतं, बाबा?" परतीच्या बसमध्ये करनाल रोडभर मी तुला ते सांगत होतो. उन्हानं बदलतं, किरणांनी बदलतं, काही रसायनांनी बदलतं. तू झोपली नाहीस. माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो एकमेव श्रोता. ऑफिसात मी फायलीवर बोलतो, घरी तुझी आई "हो हो" म्हणते.

आणि आज त्याच मुलीला झाडाची बाधा होते.

झाड ठीक आहे. मी चार बांबू लावून वर पोतं टाकलं होतं, पण पोत्यातून गार हवा आत जात होती. मग फळांभोवती मऊ कापड हवं असं वाटलं. घरात ती राहिलेली गोधडी होती. जुन्या सुती साड्यांची, सात पदरी, शिवण इतकी बारीक की वारा जात नाही. तुझी आई हाताला चांगली. रोज संध्याकाळी गुंडाळतो, सकाळी ऊन आलं की काढतो. एकही फळ काळं पडलेलं नाही. जयंतरावांना सांग, गोधडीसाठी येऊ नका. थंडी संपली की धुऊन पाठवीन.

तुझी तारीख जवळ येते आहे, असं मी मोजतो आहे. कळवत कोणी नाही.

वि. दिघे


२३ जानेवारी २०००

अलका,

हेमलताबाई येऊन गेल्या. एकट्या, ऑटोनं, हातात माझंच पत्र.

मी त्यांना बसवलं, चहा टाकला. माझ्या मनात उत्तरं तयार होती. त्यांनी चष्मा लावला, पानं मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "विश्वनाथराव, मी हे सगळं वाचलं. पपईन म्हणजे काय ते आता मला तुमच्याइतकंच कळतं. पण झाड तोडा असं मी कधी म्हटलं?"

मी म्हटलं, "निरोप तुमचाच होता."

"अहो, करोलबागला आमच्या मागच्या दारी पपईच होती. जयंताच्या वेळी माझ्या सासूबाईंनी पिकलेली फोड स्वतः भरवली आहे मला. मी कशाला तोडायला सांगीन?"

"मग अलकानं..."

"अलका म्हणाली, आई, बाबा झाडं तोडणार नाहीत, म्हणजे माहेरी जायचा प्रश्नच येणार नाही; तुमच्या नावावर घालते. म्हटलं, घाल बाई. सुनेसाठी एवढं तर करतेच सासू. बदनाम तर आम्ही असतोच." हसल्या. मग म्हणाल्या, "पण पाच पानं शिव्या खाईन असं वाटलं नव्हतं. बिल्कुल नव्हतं वाटलं."

मी विचारलं, खरं कारण काय.

त्यांनी कपाकडे पाहिलं. चहा तसाच होता. मला वाटलं साखर कमी झाली. त्या म्हणाल्या, "दूध कुठलं?"

"फ्रिजमधलं."

"ते कारण."

मी सांगितलं, डबल बूच आहे, मेण आहे, डबा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाई शांत आहे, हे मान्य करावं लागेल. मग म्हणाल्या, "बाटलीचं मला नाही कळत. अलका दाराचं सांगत होती. म्हणते, बाबा आधी रबरी मोजे घालतात, मग फ्रिज उघडतात, बाटली काढतात. काम झालं की त्याच मोज्यांनी पुन्हा दार उघडतात, बाटली ठेवतात. मग मोजे काढून स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतात. आणि ते दार आम्ही दिवसभर उघडतो."

मी उठून कप मोरीत नेऊन ठेवले. उठलो म्हणजे पटलं असं नव्हे. ते रसायन पाण्यात हळूहळू मरतं. टेबल मी दर वेळी हायपोनं पुसत होतो, सरोजिनी नगरच्या फोटोवाल्याकडून आणलेल्या. त्यानं ते लवकर निकामी होतं. टेबल पुसत होतो, पाट पुसत होतो, सिंक धूत होतो. दार या यादीत नव्हतं. हे मी हेमलताबाईंना सांगितलं नाही. तुलाही सांगत नाही. पद्धत काय होती एवढंच लिहितो आहे.

मी त्यांना म्हटलं, "हे तिनं मला सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं."

त्या म्हणाल्या, "अलकाच्या आईंनी एकदा सांगितलं होतं म्हणे. तुम्ही तासभर समजावलंत आणि दोन दिवस घरी जेवला नाहीत."

जाताना मागच्या अंगणात गेल्या. खुजं झाड बघून पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "केवढं गोड दिसतंय हो. लेकरासारखं." मग गोधडी पाहिली. हात लावून पाहिला, शिवण ओळखली असावी.

अलका, मला दाराचा राग नाही. मोज्यांचाही नाही. मी तुला आयुष्यभर एक गोष्ट शिकवली, की कारणाशिवाय घाबरू नये आणि कारण असेल तर ते तोंडावर सांगावं. तुझ्याकडे कारण होतं. चोख, निरीक्षणानं सिद्ध केलेलं कारण. मला अभिमान वाटावा असं. आणि ते बापाला सांगण्यापेक्षा तू अडाणी ठरणं पत्करलंस. दोन महिने माझी उपदेशाची पत्रं वाचलीस. सासूला शिव्या खाऊ दिल्यास. म्हणजे मी किती अवघड माणूस आहे, याचा हिशेब तू आणि तुझी आई मिळून कधीच करून बसला होतात. मला फक्त उत्तर कळवलं नाही.

वि.


१३ फेब्रुवारी २०००

अलका,

जयंतरावांचा फोन आला. मुलगी झाली, सव्वातीन किलो, दोघी ठीक. मी म्हटलं, "बोटं?" ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, काही नाही. मग तेच म्हणाले, "सगळं जागच्या जागी आहे, बाबा. अलका पण पहिलं हेच विचारत होती."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

बाटलीचं काय केलं ते लिहितो. अंगणात, तोंडावर फडकं बांधून, बादलीभर हायपोच्या पाण्यात सगळं ओतलं. दिवसभर ठेवलं, मग आणखी एक दिवस. बाटली, डबा, मोजे, सिरिंज, सगळं त्यातच. नंतर शांतारामनं ते सगळं त्यांच्या लॅबच्या कचऱ्यात नेलं. "इतनी मुश्किल से दिलाया था, दिघे साब," म्हणत होता. आता या घरात त्यातलं काही नाही. पुन्हा बी बदलायचं झालं तर ते माझ्याकडून होणार नाही. जे आहे ते त्या एका झाडात आहे.

फ्रिज हायपोनं आतून-बाहेरून पुसला. दार तीनदा. मग कबाडी बोलावला. त्यानं विचारलं, "चालू है?" म्हटलं, चालू है. "फिर क्यों दे रहे हो, साहब? इसको तो मैं आगे बेच दूँगा, कोई घर में रख लेगा।"

मी दिला नाही. त्याला परत पाठवलं. मग स्क्रू काढून दार वेगळं केलं आणि फ्रिज अंगणात भिंतीला उलटा लावून ठेवला. कोणाच्या घरात जायला नको.

तुझी आई विचारेल तर सांग, दूध जाळीखाली आहे.

वि.


२ मार्च २०००

अलका,

बारशाचं आमंत्रण तुझ्या आईनं दिलं, फोनवर, तुझ्या वतीनं. मी आलो होतो हे तुला ठाऊक आहे. थांबलो नाही, तेही ठाऊक आहे. का थांबलो नाही, ते सगळे आपापल्या परीनं सांगत असतील. तुझी आई म्हणत असेल अभिमान. जयंतराव म्हणत असतील, तब्येत. तेव्हा नीट नोंद असावी म्हणून लिहितो.

पहिली दोन फळं आणली होती. आदल्या दिवशी खालच्या टोकाला पिवळी झाली होती. हेमलताबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, लगेच चिरली, सगळ्यांना फोडी वाटल्या, स्वतः पहिली खाल्ली. "बघा, घाबरते का मी झाडाला," म्हणाल्या, आणि मला हसू आलं. चव बरी आहे. थोडी पाणचट, पुढच्या पिढीत बघावं लागेल. चिरताना निघालेलं बी मी पुडीत बांधून घेतलं. गोधडी धुऊन, इस्त्री करून आणली होती, ती तुझ्या आईनं घेतली आणि कपाटात सगळ्यांत खाली ठेवली. पाळण्यात नाही. मी पाहत होतो.

मग तू म्हणालीस, "बाबा, बाळाला घ्यायचं असेल तर हात धुऊन या."

मी बेसिनपाशी गेलो. घड्याळ काढलं, बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत, नखांच्या आत, बोटांच्या बेचक्यात. तू दारात उभी होतीस. बारीक झाली आहेस. मी टॉवेल घेतला, तशी म्हणालीस, "परत एकदा, बाबा."

परत धुतले.

आत बायका पाळण्याभोवती थांबल्या होत्या, कोणीतरी हाक मारली, "अलका, मुहूर्त टळतोय." मी टॉवेल ठेवून वळलो. तू हलली नाहीस. म्हणालीस, "अजून एकदा. प्लीज."

तू अंगणातून चिखल घेऊन आलीस की मी तुला तीनदा हात धुवायला लावायचो. दारात असाच उभा राहून. "परत एकदा" हे माझंच वाक्य आहे, स्वरासकट. तेव्हा तुझ्यात काय उतरलं आणि कोणाकडून, हे मला बेसिनपाशी समजलं.

तू रागानं म्हणाली असतीस तर मी तिसऱ्यांदा धुतले असते. बदला म्हणून म्हणाली असतीस तर दहा वेळा धुतले असते. पण तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता. तू माझ्या हातांकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही. तुला खरोखर भीती वाटत होती. ती भीती साबणानं जाणार नव्हती, आणि मी पुढे झालो असतो तर तू मला अडवलंही नसतंस. नुसती बघत राहिली असतीस, मूल परत हातात येईपर्यंत.

म्हणून बाह्या खाली केल्या आणि चपला घातल्या.

जिन्यात असताना आतून कुर्रर्र झालेलं ऐकू आलं. नाव ऐकू आलं नाही, नेमकी तेव्हाच कोणीतरी खाली स्कूटर चालू केली.

बी सुकवून, राख लावून, पाकिटात भरलं आहे. पाकिटावर नंबर घातला आहे, नाव नाही. पाटीवरचं तुझं नाव खरवडून काढलं. रागानं नव्हे. झाडाला माणसाचं नाव देण्याआधी त्या माणसाला विचारायला हवं, एवढंच.

मुलीचं नाव कळव. माझ्याकडे ते कुठे लावायचं नाही. नुसतं माहीत असावं.

बाबा